किरीवचा शब्द

झरीफेचं घर तारेच्या अलीकडे आणि तिची थोरली बहीण हेवे हिचं पलीकडे. मध्ये सुरुंग पेरलेली पट्टी आणि दोन देशांचे शिपाई. आजोबांच्या काळी हे एकच गाव होतं. दूर कुठेतरी बसून कुणीतरी रुळांवरून सीमा आखली. स्टेशन या देशात राहिलं, विहीर त्या देशात गेली. ईदेला शिपाई तारेपर्यंत जाऊ देत. बायका मिठाईच्या पुड्या तारेवरून फेकत आणि वर्षभराच्या गोष्टी ओरडून सांगत. हेवेला गुपित सांगणं म्हणजे दोन सैन्यांना सांगणं, असं गावात म्हणत.

नवरा गेल्यापासून झरीफे अंगणातल्या तंदुरात गल्लीच्या रोट्या भाजून घर चालवत होती. एकुलता मुलगा दिलगेश कॉलेजात पोचला आणि मिरवणुकीत कुर्दी गाणं म्हटलं म्हणून खटल्यात अडकला. निकाल लागण्याआधीच तो तार ओलांडून मावशीकडे गेला. तिथे जनरेटर दुरुस्त करू लागला. तिकडे कुर्दी बंडखोरांचे तळ होते, पण बंदूक त्याने कधी हातात धरली नाही. तरी झरीफेच्या जिवाला घोर लागायचा तो लागलाच. पलीकडे धूर दिसला की पीठ मळता मळता तिचे हात थांबत. भाजीवाल्यापासून इमामापर्यंत सगळ्यांना ती एकच विचारी, कुठल्या बाजूला झालं, आमच्या हेवेच्या का?

मग राजधानीतलं वारं फिरलं. ज्या भाषेत गायल्याबद्दल पोरं तुरुंगात गेली, त्याच भाषेत मंत्री टीव्हीवर सलाम करू लागले. ज्यांच्या हातून रक्त सांडलेलं नाही त्यांनी परत यावं, सीमेच्या दरवाजावर जबाब द्यावा आणि आपापल्या घरी जावं, असं धोरण ठरलं. झरीफेने ते ऐकलं आणि टीव्ही बंद केला. सरकारचं बोलणं तिला नवं नव्हतं.

पण मग नेजीर आला.

नेजीर मसुरीचा व्यापारी, आणि आता सत्तेतल्या पक्षाचा तालुक्याचा पुढारी. पण झरीफेला त्याचं पुढारीपण कशाला हवं होतं? तो दिलगेशचा किरीव होता. सुंतेच्या वेळी पोराला ज्याच्या मांडीवर बसवतात, तो किरीव. पोराचं रक्त त्याच्या मांडीवर सांडतं, आणि त्या दिवसापासून त्या दोन घरांत सोयरीक होत नाही, वैर होत नाही आणि खोटं चालत नाही. सख्खा भाऊ उलटेल, किरीव उलटत नाही, हे झरीफेने आईच्या दुधाबरोबर प्यायलं होतं.

नेजीर चहा पिताना हळूच म्हणाला, की पहिल्या गटात आपल्या गावचं कुणी आलं तर राजधानीत गावाचं नाव होईल. दिलगेशला आणायला आपण स्वतः दरवाजावर उभे राहू. झरीफेने विचारलं, "हे पक्ष बोलतोय का किरीव बोलतोय?"

नेजीरने मांडीवर हात ठेवला. "ही मांडी बोलतेय, ताई."

एवढं तिला पुरलं.

त्या ईदेला ती तारेशी गेली तेव्हा हेवेने सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही सैन्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं वेडे, लांडग्याने दात घासले म्हणून कोकराला त्याच्याकडे धाडतेस का?"

"लांडग्याचा नाही, किरीवचा शब्द आहे."

"किरीवच्या खिशात कुणाचा शब्द आहे ते बघ आधी."

दिलगेश मावशीशेजारी उभा होता. दाढी वाढली होती, बाकी तोच. तो ओरडला नाही. त्याच संध्याकाळी त्याने फोन केला. नेजीरवर आपला भरवसा नाही, असं स्पष्टच सांगितलं. मग म्हणाला, "तू ये म्हण आई, मी येतो." झरीफेने फोन दोन्ही हातांनी धरला. आणि म्हणाली, "ये."

तो आला तेव्हा दरवाजावर ढोल वाजले. नेजीरने त्याला मिठी मारली; ते छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. आत एका खोलीत त्याचा जबाब घेतला गेला. कधी गेलास, कुणाकडे राहिलास, कुणाला ओळखतोस. त्याने सरळ मनाने सगळं सांगितलं, खाली सही केली. त्या हिवाळ्यात झरीफे रात्री उठून त्याचं पांघरूण सारखं करी. एवढा बाप्या मुलगा, पण त्याचा श्वास ऐकल्याशिवाय तिला झोप लागेना. गल्लीत ती सांगे, जनरेटर दुरुस्त करणाऱ्या पोराला तंदुराची साधी जाळी बसवता येत नाही.

निवडणुका आल्या. सत्तेतल्या पक्षाची मतं घटली, तसं वारं पुन्हा फिरलं. बंडखोरांशी वाटाघाटी हा देशद्रोह होता, असं तेच मंत्री म्हणू लागले. पोलीस पहाटे आले. कोर्टात पुरावा म्हणून दिलगेशचा दरवाजावरचा जबाब वाचून दाखवला. घरी येण्यासाठी त्याने जे सांगितलं, तोच त्याचा गुन्हा ठरला.

झरीफे नेजीरच्या घरी गेली. तो भेटला नाही. पुन्हा गेली, तर बायको म्हणाली राजधानीला गेलेत. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. तेव्हा शुक्रवारच्या नमाजानंतर, त्याच्या वाड्यात गावकरी जमलेले असताना झरीफे थेट आत शिरली आणि डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून तिने त्याच्या पायांसमोर टाकला.

बाईने रुमाल टाकला की उगारलेल्या बंदुका खाली येतात. खुनाची वैरं त्यापाशी थांबली आहेत. तो कुणी ओलांडत नाही. अंगणात बसलेले म्हातारे उठून उभे राहिले.

"किरीव, काही मागत नाही," झरीफे म्हणाली. "कोर्टात चल. त्याला तू बोलावलंस, एवढंच सांग."

नेजीर रुमालाकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "धोरण बदललं, ताई. माझ्या हातात काय आहे?"

"हात नाही मागितला. त्या दिवशी जी बोलली ती मांडी कुठे गेली?"

दाराबाहेर गाडीचा भोंगा वाजला. पक्षाची बैठक होती. नेजीरने कोट सारखा केला, आणि रुमालावरून पाय टाकून तो निघून गेला. रुमाल तिथेच पडून राहिला. एक म्हातारा जमिनीकडे बघून म्हणाला, "आता आपल्यात काय उरलं?"

ही बातमी तुरुंगात झरीफेच्या आधी पोचली होती. काचेपलीकडे दिलगेश हसण्याचा प्रयत्न करत होता. म्हणाला, "ओलांडला म्हणे. पाय तरी पुसले होते का त्याने?" झरीफेला हसू आलं नाही. त्याने आपल्याला बोल लावावा, एकदा तरी विचारावं की का म्हणालीस ये, यासाठी ती तिष्ठत होती. त्याने लोकरीचे मोजे मागितले. खालची फरशी फार गार आहे म्हणाला. भेटीची वेळ संपताना काचेला तोंड लावून तो म्हणाला, "मावशीला सांग, तिचं बरोबर होतं."

त्यात राग नव्हता, त्यामुळेच तिला ते सोसवेना.

पुढच्या ईदेआधी सरकारने तारेच्या जागी उंच सिमेंटची भिंत बांधली. ओरडून बोलणं संपलं. झरीफेने बहिणीला फोन लावला आणि मुलाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. हेवेचा आवाज एवढा मोठा. पण ती अगदी हळू म्हणाली, "मला बरोबर ठरायचं नव्हतं गं, झरीफे."