काकीच्या अंगठ्यावरचा मावा

माझे काका-काकी धायरीत राहतात. शेताचा बहुतेक भाग बिल्डरकडे गेला, पण दोन इमारतींच्या मधला एक तुकडा काकांनी राखलाय आणि काकीने तिच्या शेळ्या. मी वारज्यात राहते आणि शहरातल्या एका प्रयोगशाळेत विषाणूंची जनुकं वाचून एकमेकांशी ताडून बघायचं काम करते. घरी विचारलं तर सांगतात, "ती जंतू तपासते." मीही ते दुरुस्त करायला जात नाही.

दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेलं एक धनगर जोडपं दरवर्षी काकांच्या त्या तुकड्यात मेंढ्या बसवायचं. रानाला खत मिळायचं, त्यांना मुक्काम. धनगरीण आणि काकी दुपारभर बोलत बसायच्या; माहेरी गेल्यावरसुद्धा काकी इतकी बोलत नसेल.

एका वर्षी त्यांच्या काही कोकरांना मावा हा तोंडाचा रोग झाला होता. ओठांवर, नाकाशी खपल्या धरतात, पिल्लाला दूध ओढता येत नाही. त्याच सुमाराला काकीच्या शेळ्यांचीही तोंडं आली. काकांनी फार चौकशी केली नाही. धनगराला म्हणाले, "तुमच्या मेंढरांनी आमच्या शेळ्या बाटवल्या. सकाळी तळ हलवा. पुन्हा इकडं येऊ नका."

धनगर म्हणाला, "बरं." सकाळी घोड्यावर संसार लादून ते निघाले. काकी दारात उभी होती. धनगरणीने तिच्याकडे पाहिलं नाही.

नंतर काकीच्या उजव्या अंगठ्यावर एक गाठ उठली. मध्ये लाल, कडेने पांढरट, वर ओलसर. जवळच्या डॉक्टरांनी गळू समजून चिरायचं ठरवलं होतं. मी रविवारी गेले तेव्हा काकी डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होती.

"शेळ्यांच्या तोंडाला हळद-तेल कोण लावतं?" मी विचारलं.

"मीच. दुसरं कोण लावणारे?"

"अंगठ्याला काही लागलं होतं का?"

"विळीनं कापलं हुतं जरासं."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. हा मावाच असावा, तो शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाच्या कापलेल्या त्वचेत शिरतो आणि चिरला नाही तर आपला आपण बरा होतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "मी असा कधी पाहिला नाही. मग झाकून ठेवू." काकी पुन्हा भाकरीकडे वळली.

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा नेमका याच विषाणूचा अभ्यास चालू होता. प्रमुखांना विचारून मी काकीच्या गाठीचा आणि शेळ्यांच्या खपल्यांचा नमुना घ्यायची सोय केली. आमच्याबरोबर काम करणाऱ्या पशुवैद्यांनी मेंढ्यांचा तळ शोधून कोकरांच्या खपल्याही आणल्या. हा विषाणू शेळीतून मेंढीत आणि मेंढीतून शेळीत जातो. तरी शेळ्यांमध्ये फिरणारा आणि मेंढ्यांमध्ये फिरणारा यांच्या जनुकांत बारीक फरक सापडतात, एकाच घरातल्या दोन भावांच्या चेहऱ्यांत असतात तसे. काकांचं म्हणणं खरं असेल असंच मला वाटत होतं.

ते खरं निघालं नाही. काकीच्या अंगठ्यातला आणि शेळ्यांचा विषाणू एकच होता. कोकरांचा वंशवृक्षाच्या वेगळ्या फांदीवरचा.

"म्हंजे मेंढरांचा दोष न्हाई?" काकांनी विचारलं.

"मेंढ्यांकडून शेळ्यांना होऊ शकतो, काका. पण या वेळी तसं दिसत नाही."

"मग आला कुठनं?"

काकी मागून म्हणाली, "बाजारातनं आणलेल्या नव्या शेळीच्या ओठाला खपली हुती. मला वाटलं, बाभळीचा काटा लागला."

काका उठले. मग चप्पल घालत मला म्हणाले, "गाडी काढ."

पशुवैद्यांनी सांगितलं होतं तसा खेड शिवापूरच्या अलीकडे, एका कापलेल्या भाताच्या रानात तळ पडला होता. काकीही आली होती, अंगठ्याला फडकं गुंडाळून. धनगर उठून उभा राहिला. काका त्याला म्हणाले, "तुमच्या मेंढरांचं नव्हतं ते. आमच्याच शेळीचं हुतं. मी उगं बोललो."

"ह्या बाईनी तपासलं व्हय?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "आवं, आमच्या कोकरास्नी तरी कुठनंतरी आलंच की. आमी कुनाला बोलावं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. काकांनी मान खाली घातली. पलीकडे धनगरणीने काकीला फडकं सोडायला लावून अंगठा लांबूनच निरखला. "माझ्या सासूला बी झाल्तं असं," ती म्हणाली. "चिरू नको." मग तिने घोंगडं झटकलं आणि काकीला बसायला जागा केली.

पुढच्या दिवाळीनंतर ते आले नाहीत. त्यांना दुसरीकडे रान मिळालं असेल, असं काका म्हणत राहिले. काकीचा अंगठा तोवर खूण न ठेवता बरा झाला होता. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र मेंढ्या पुन्हा त्या तुकड्यात उतरल्या. काकीने शेळ्या आधीच पलीकडच्या गोठ्यात बांधल्या आणि वाळलेल्या खपल्यांतही विषाणू टिकतो असं मी सांगितल्यामुळे काकांनी शेळ्यांच्या आधीच्या गोठ्यातला सगळा कचरा गोळा करून जाळला. शेजारच्या इमारतीतल्या एकाने मेंढ्यांच्या वासाची तक्रार केली, तेव्हा काका त्याला म्हणाले, "खिडकी लावा. पाहुणे आहेत."