मधली सीट

इंगोलश्टाट या जर्मन शहरातल्या जुन्या गाड्यांच्या त्या उंच विक्रेत्याचं नाव मी विचारलंच नाही. बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं आणि कधी एकदा ती निळी गाडी चालवतो असं मला झालं होतं. पण त्याने किल्ली खिशातच ठेवली.

"चालवणाऱ्याला कुठलीही गाडी आवडते," तो म्हणाला. "मागे मधे कोण बसणार?"

पुण्याहून आलेल्या सासूबाई. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आधीच मागे जाऊन बसलेल्या दोन्ही नातवंडांच्या मधे शिरल्या आणि ऐसपैस मांडी घातली.

"जावईबापू, हीच घ्या. आणि निघूया आता."

त्याला मराठी येत नव्हतं. ती मांडी बघून तो हसला, वाकून त्याने त्यांच्या चपला अलगद आत ठेवल्या आणि किल्ली माझ्यापुढे धरली.