निमगावच्या बाजारापर्यंत

कुठं पेट्रोलसोबत ऑइल जळाल्याचा वास आला की मला बारामतीतलं आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज आठवतं. नव्वदच्या दशकात तिथं भावानं आणि मी एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये मुंबईच्या भंगारबाजारातलं जपानी टर्बो रोटरी इंजिन बसवलं. इंजिन जेमतेम कळशीएवढं, त्यात पिस्टन नव्हते की व्हॉल्व्ह नव्हते, त्यामुळं वडील रोज हिणवायचे, "पिस्टन न्हाय, वाल न्हाय, ह्येला इंजिन म्हनत्यात व्हय? निमगाव केतकीपातुर पोचली तर ठीक, न्हायतर भंगारात घालीन." इंजिनाखाली आम्ही उसाच्या ट्रॉलीचं लोखंडी चॅनल जोडलं, ट्रॅक्टरचा रेडिएटर मावेना म्हणून बॉनेट सरळ कापलं. बाजाराच्या दिवशी वडील पिशवी घेऊन एसटीत बसले आणि जाताना म्हणाले, "मी तितं वाट बघतो." एसटी गेली आणि आमची गाडी धूर ओकून बंद पडली. भाऊ रडकुंडीला आला. मी पुन्हा किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबूनच धरला, आणि काय सांगू, टर्बोनं अशी शिट्टी मारली की उसाचे ट्रक भराभर मागं पडले. निमगावच्या अलीकडं आम्ही एसटीलाही गाठलं. खिडकीतून वडिलांची टोपी बाहेर आली आणि जोरजोरात हलायला लागली. बाजार झाल्यावर ते कुणाला न विचारता माझ्या शेजारी येऊन बसले, मांडीवर वांग्यांची पिशवी. "पळीव," म्हणाले. सीट दोनच होत्या. माझ्याबरोबर गाडी जोडणारा भाऊ एसटीनं घरी आला, आणि ते तो मला अजून ऐकवतो.