तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

सासूबाईंनी तेलाचा नवा डबा फोडला आणि बरणीवर वाकवला. एकाच भोकातून तेल डचक डचक, अडखळत येऊ लागलं. "थांब जरा," असं त्या डब्यालाच म्हणाल्या आणि समोरच्या कोपऱ्यात खिळा ठोकून त्यांनी दुसरं भोक पाडलं. मग धार शांत, सरळ लागली.

मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसले होते. पडद्यावर मी प्रोग्रॅममध्ये उभी केलेली बंद टाकी होती, खाली पाणी आणि वर हवा. टाकी रिकामी होताना दोन्ही कशी वागतील, याची आकडेमोड सकाळपासून मध्येच कोसळत होती आणि मी समीकरणांवर चिडले होते. डब्याची धार पाहून लक्षात आलं, पाण्याला बाहेर जायला वाट दिली होती, हवेला आत यायला द्यायची राहून गेली होती. टाकीला वरून एक वाट उघडली आणि ती निमूटपणे रिकामी झाली.

मन मोकळं करायलाही नुसतं तोंड उघडून भागत नाही. माझी आई गेली तेव्हा मला बोलताच येत नव्हतं. सासूबाई समोर शेंगा सोलत बसायच्या. त्यांनी समजूत घातली नाही, की उपदेश केला नाही. मी अडखळले, की तेवढं विचारायच्या, "मग?" त्या एवढ्याशा शब्दाने आत हवा यायची.

"झालं का गं तुझं?" त्यांनी डबा खाली ठेवत विचारलं.

"झालं. टाकी रिकामी झाली."

"मग?" त्या म्हणाल्या, आणि मी सांगू लागले.