डोळ्यांतल्या पाण्याइतकं खारट

शेजारच्या सुनेनं आज बाळासाठी मीठ-साखरेचं पाणी ढवळलं आणि पाजण्याआधी थोडं तळहातावर घेऊन चाखलं. मला एकदम आई आठवली.

लहानपणी मला जुलाब लागले की आत्या म्हणायची, "पाणी नको गं देऊ वहिनी, पोटात टिकतंय कुठं?" आई ऐकायची नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून ती आधी स्वतः चाखायची. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको, असं तिला नर्सबाईंनी सांगितलं होतं.

"ती चव तुला कशी ठाऊक?" मी विचारायचो.

"बायकांना असते," म्हणत ती पेला पुढे करायची.

पुढे कॉलेजात शिकलो, की आतड्याच्या अस्तरात क्लोराइडची बारीक दारं असतात. जुलाबात ती उघडीच राहतात. मीठ बाहेर निघतं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. साखर मात्र दुसऱ्या दारानं मिठाला हाताला धरून आत आणते, आणि पाणीही मुकाट्यानं परत येतं. हे सगळं मला पुस्तकात कळलं.

डोळ्यांतल्या पाण्याची चव तेवढी आई गेली तेव्हा कळली.