माझ्याच कोंबडीची बोली

आमच्या यजमानांना देवाला द्यायची भारी हौस. द्यावं हो, मिळकतीतला दशांश मीसुद्धा काढतच होते. पण घरात बायको आहे, तिला एका शब्दानं विचारावं की नाही?

भिवपुरीचं पावरहाऊस नवं होतं आणि आम्ही तिथल्या चाळीत राहत होतो, तेव्हाची गोष्ट. भात झोडून झालं की आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण व्हायचा. ज्याच्या घरी जे पिकेल ते देवळात आणून ठेवायचं, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव. येईल तो पैसा देवाच्या कामाला. त्या वर्षी यजमानांनी पाळकसाहेबांना परस्पर सांगून टाकलं, "आमची तांबडी कोंबडी देतो."

झालं! तांबडीचीच अंडी विकून मी पोरीच्या फीचे पैसे साठवत होते. नाताळची सुट्टी संपली की तिला पुण्याला बोर्डिंगात घालायची, असं मी मनाशी धरलं होतं. डब्यात कसेबसे पाच रुपये झाले होते. मी तोंड फुगवून बसले, पण देवाला दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा?

सणाच्या दिवशी यजमानांची ड्यूटी होती. मी डब्यातले पैसे पदराला बांधून निघाले. म्हटलं, रुपयाच्या आत तांबडी सोडवून आणू.

"बारा आणे," मी म्हटलं.

"रुपया," मागून आवाज आला. बघते तर यजमानांच्या पावरहाऊसातला भिसेगावचा सोबती! माझं डोकंच फिरलं. हा मेला माझ्या तांबडीचा रस्सा ओरपणार काय?

"दीड!"

"दोन!"

लोक खूश. आमच्या लिलावात बोली चढली म्हणजे भक्ती चढली, त्यामुळे 'बाई, आवरा' म्हणणारं कोण? पाळकसाहेब तर प्रत्येक बोलीला मान डोलवत होते. तो साडेचारला गेला. मी ओरडले, "पाच!" आणि गडी गप्प झाला.

तांबडीला काखेत मारून मी तोऱ्यात बाहेर पडले, तर तो धावत मागे आला. "वैनी, रागावू नका. दादांनीच सांगितलं व्हतं, कायबी कर पन ती कोंबडी परत आन, घरात बायकोचं फुगलेलं तोंड बगवत नाय. मला वाटलं, तुमी नुसती देवासाठी बोली चढवताय. साडेचारच दिलं व्हतं मला." आणि त्यानं ते पैसे माझ्या हातावर ठेवले.

हसू की रडू तेच कळेना. शेवटी रस्त्यातच रडले.

यजमान घरी आले तशी मी भडकले. "अहो, पोरीची फी गेली!"

"कसली फी?" ते म्हणाले.

बरोबरच होतं. डब्याचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांचा पगार किती, तेही मला त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण पैशाचं बोलायची दोघांनाही लाज!

"मग हे साडेचार कुठले?" मी विचारलं.

"कोटासाठी ठेवले होते. रातपाळीला गारठा फार असतो गं."

मी पैसे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते पैसे उचलून डब्यात टाकले, पोरीला जवळ बसवलं आणि डोळे मिटले. "बापा, आम्हांला उदार ठेव. पण आधी एकमेकांना विचारायची बुद्धी दे." मी 'आमेन' इतक्या जोरात म्हटलं की तांबडी उडून चुलीमागे गेली.

कमी पडलेले आठ आणे अंड्यांवर निघाले. पोरगी शाळेला गेली, आणि तिच्या बापानं ती थंडी जुन्या घोंगडीवर काढली.