सासऱ्यांनी धुतलेली चार पाकिटं

राग आला की माणसाने ओरडावं, दार आपटावं, मोकळं व्हावं. मला तीही सोय नव्हती. गुन्हा सासऱ्यांनी केला होता, आणि तेच जेवणाच्या टेबलाशी हसऱ्या चेहऱ्याने बसून मला म्हणत होते, “जावईबापू, डोळे मिटा बघू. सरप्राइज आहे.”

शुक्रवारचा अर्धा दिवस भरून मी नुकताच घरी आलो होतो. अमिरातीतल्या फुजैरा बंदरात तेल घ्यायला थांबणाऱ्या जहाजांची कागदपत्रं करण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यातून एकच चांगली गोष्ट हाती लागली, ती म्हणजे देशोदेशीची टपालतिकिटं. डोळे उघडले तर समोर नवा कोरा अल्बम, आणि पहिल्याच पानावर चार तिकिटं ओळीत लावलेली.

मी उरलेली पानं भराभरा उलटली, सगळी कोरी. “पाकिटं कुठायत, बाबा?”

“पाकिटं? ती टाकली की! कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घातलं, परातीत अर्धा तास सोडली, मग पोळपाटाखाली दाबून ठेवली. एका तिकिटाच्या कडेचा एक दात तुटला नाही, बघा.”

छत्तीस वर्षं टपालखात्यात काढलेला माणूस! तालुक्याचा पोस्टमास्तर! शाळेतल्या पोरांना तिकिटं सोडवून द्यायची यांना हौस, हे मला ठाऊक होतं. पण पोरांची तिकिटं वेगळी आणि ही वेगळी, हे यांना कळू नये?

ती पाकिटं माझी नव्हतीच. आमच्या दोन मजले वर एक क्रोएशियन कॅप्टन राहत होते. जहाजं सोडून दहा वर्षं इथल्या टर्मिनलवर नोकरी केली, आता करार संपला म्हणून रविवारी कायमचे घरी निघाले होते. त्यांच्या आजीने समुद्रकाठच्या गावातल्या आपल्या घरातून ती पाकिटं पाठवलेली. पहिल्यावर इटलीच्या राजाचं तिकीट, दुसऱ्यावर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मधल्या दिवसांतलं लष्करी कारभाराचं, तिसऱ्यावर युगोस्लाव्हियाचं, चौथ्यावर नव्या क्रोएशियाचं. ती जन्मली तेव्हा तर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं राज्य होतं. बाईने उभ्या जन्मात घर बदललं नाही, पोस्ट ऑफिस तेच, आणि दारावरची पाटी मात्र पाच सरकारांची! सम्राटाचं राज्य गेलं तेव्हा तिकडे झाग्रेबमध्ये, आजच्या क्रोएशियाच्या राजधानीत, नवी तिकिटं छापायलाही कुणाला उसंत नव्हती. होती ती त्याच साम्राज्यातल्या हंगेरीची तिकिटं घेतली, त्यावर काळ्या शाईत नवं नाव ठोकलं आणि विकायला बसले. हा सगळा इतिहास मी रात्रंदिवस वाचला होता. त्या चार पाकिटांवर टिपण लिहून दुबईच्या मराठी मंडळाच्या छंद प्रदर्शनात लावीन म्हणून कॅप्टनकडून मागून आणली होती. अहो, तिकिटाचा अर्धा शिक्का पाकिटावर असतो! कुठून निघालं, कधी निघालं, कुठल्या बंदरातून परत फिरलं, सगळं पाकिटावर. तिकीट सोडवलं की उरतो नुसता रंगीत कागद.

हे सगळं मी मनात बोललो. तोंडाने एवढंच म्हणालो, “छान लावलीत.”

मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोवर ओरडलो. तिने पोळी उलटली आणि शांतपणे विचारलं, “बाबांना तिकिटं लावायला कुणी सांगितली होती?”

मीच. दिवसभर एकटे बसतात, वेळ जात नाही, म्हणून. पण मी खोक्यातली सुटी तिकिटं सांगितली होती!

“आणि ही पाकिटं त्याच खोक्यात कुणी ठेवली?”

मीच. कपाळ माझं!

लेक मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, “ओ माय गॉड, आजोबा वॉश्ड देम?” मी तिला तिथेच सोडून खाली धावलो. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर कचरा टाकायची झडप आहे, पिशवी थेट तळमजल्यावर पडते. वॉचमन खुर्चीतून उठलाही नाही. “गाडी गई साब. खलास.”

वर आलो तर बायकोने विचारलं, “फोटो तरी काढले होतेत ना?”

काढले होते. नाही कसे! पंचवीस फोटो. सगळे तिकिटांचे आणि शिक्क्यांचे, झूम करून, दातन् दात मोजता येईल असे. अख्ख्या पाकिटाचा एकही नाही.

मी ठरवून टाकलं, आणि बायकोला तसं सांगितलंही. कॅप्टनना सांगायचं, पाकिटं मंडळवाल्यांकडे अडकलीत, पाठवतो, इन्शाल्ला. एकदा माणूस गेला की कोण विचारतंय? सासरे दारात उभे राहून ऐकत होते, हे मला दिसलं नाही.

“खोटं कशाला बोलता?” ते म्हणाले. चेहरा उतरला होता. “माझ्या हातून एक मनीऑर्डर चुकीच्या घरी गेली होती, तेव्हा मी स्वतः जाऊन पाय धरले होते. चला. मी सांगतो.”

“बाबा, तुमचं इंग्रजी—”

“माझं इंग्रजी पुरेल तेवढ्याला.”

कॅप्टनचं घर खोक्यांनी भरलं होतं. सासऱ्यांनी अल्बम दोन्ही हातांनी पुढे केला. “सर, आय डिड इट. ही डिड नॉट नो. आय वॉज पोस्टमास्टर. व्हेरी सॉरी.” आणि ते तसेच उभे राहिले, साहेबापुढे उभं राहावं तसे. मला तेव्हाही त्यांचा रागच येत होता.

कॅप्टनना आधी समजेना. मग त्यांनी विचारलं, “पाकिटं?” मी मान हलवली.

ते खोक्यावर बसले. बोलले ते इंग्रजीत, हळू. आजीला लिहिता येत नव्हतं. पत्रं गावातले मास्तर लिहून द्यायचे. पत्ता मात्र ती स्वतः लिहायची, आधी रद्दी कागदावर चारदा गिरवून मग पाकिटावर. तीन जहाजावर असलेल्या आजोबांच्या नावाची, आणि शेवटचं, थरथरत्या हाताचं, कॅप्टनच्या स्वतःच्या. म्हणून त्यांनी आतली पत्रं जपलीच नव्हती, पाकिटं तेवढी जपली होती.

मी महिनाभर ती पाकिटं भिंग लावून बघत होतो. पत्ता कुणी लिहिलाय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

कॅप्टननी अल्बम उघडलाही नाही. माझ्या सासऱ्यांचा हात हातात घेतला, दाबला, आणि अल्बम माझ्याकडे परत दिला.

“तिकिटं तू ठेव,” ते मला म्हणाले. “ती त्या सरकारांची होती. अक्षर तेवढं तिचं होतं.”

लिफ्टमध्ये सासरे डोळे पुसत होते. संबंध दुपार मी ज्या माणसावर धुमसत होतो, त्याने निदान माफी तरी मागितली होती.